दोरवाल्याची सून

घायपाताची पानं एकदा पाण्यात टाकली की त्यांच्यावर डोळा ठेवावा लागतो. लवकर काढली तर गर सुटत नाही. उशीर झाला तर गराबरोबर आतला धागा, म्हणजे वाखही कुजतो, आणि त्या वाखाचा दोर नुसता हाताने ओढला तरी तुटतो. त्या वर्षी पावसाने ओढ दिलेली. घरामागच्या डबक्यातलं पाणी रोज थोडं थोडं खाली चाललं होतं, उन्हाने गरम होत होतं, आणि पानं नेहमीपेक्षा भराभर कुजायला लागली होती. नेमक्या त्याच दिवसांत दोरवाल्याची सून बाळंत झाली.

दोरवाल्याला घरात आबा म्हणायचे. आबाची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे बाप आणि लेक, दोघंच. दोघंही कामाला वाघ आणि बोलायला कंजूष. सकाळी दोर वळायची चरखी फिरायला लागली की संध्याकाळपर्यंत 'सोड', 'ओढ', 'थांब' एवढ्यावर त्यांचं भागायचं. सून आली तेव्हा हे घर जरा बोलकं झालं. ती कोंबड्यांशी बोलायची, चुलीशी भांडायची, चरखीचा कर्रकर्र आवाज हुबेहूब काढून नवऱ्याला चिडवायची. आबा तिच्याशी थेट फारसा बोलत नसे. काही सांगायचं झालं तर लेकाकडे बघून सांगे, आणि तिने ते ऐकलं की झालं. पण ती दोन दिवस माहेरी गेली की तो अंगणात उगीच फेऱ्या मारायचा.

तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. आरोग्य केंद्रात व्यवस्थित सुटली. मुलगी झाली. काळीसावळी, भरपूर जावळ, रडायला लागली की शेजारच्या शेतापर्यंत ऐकू जाईल असा आवाज. बाळाला न्हाऊ घालायला दूधवाली यायची. तिच्या चार म्हशी होत्या, दूध शहरात न्यायला टेंपो होता, आणि गावातल्या निम्म्या पोरांची अंगं तिनेच चोळलेली होती.

सुरुवातीला सगळे खूशच होते. बाळंतीण तिसऱ्या दिवशीच उठून कामाला लागली. भांडी घासली, भिंती पुसल्या, पेटीतले सगळे कपडे काढून धुतले आणि वाळल्यावर पुन्हा धुतले. पहाटे आबा उठला की ती अंगणात वाख विंचरत बसलेली असायची, आणि शेजारी पांढऱ्याशुभ्र वाखाचा ढीग. आबाला मनातून बरं वाटलं. अशी धडधाकट पोर घरात आली, नशीब म्हणायचं. ती बोलायची ते मात्र हल्ली फार वेगाने. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. मधेच हसायची, कशाला ते कळायचं नाही.

दूधवालीने एकदा तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. मग आबाला बाजूला घेऊन म्हणाली की ही झोपत नाहीये, हिचे डोळे बघा. आबाने ते लेकाला सांगितलं. लेक म्हणाला, तान्हं पोर आहे, झोप कुठली लागणार. तेही खरं होतं.

मग ती बाळाची बोटं मोजायला लागली. मोजायची, सोडायची, पुन्हा मोजायची. बाळाच्या डोक्याचा वास घ्यायची आणि कपाळाला आठ्या घालून बसायची. एका सकाळी नवऱ्याला म्हणाली, "हिचा वास वेगळा आहे. ही आपली नाही. तिकडे बदलली." नवरा आधी हसला. दुपारी तेच म्हणाली तेव्हा समजावलं. संध्याकाळी तो ओरडला, आणि तिने ताट ढकलून दिलं. यात काहीतरी कालवलंय, मी खाणार नाही, म्हणाली.

दूधवाली म्हणाली, नर्सबाईला बोलवा. लेक नको म्हणाला. गावभर होईल, लोक काय म्हणतील, दोन दिवस झोप मिळाली की येईल ताळ्यावर. हे बोलून त्याने बापाकडे पाहिलं. आबाच्या डोक्यात डबकं होतं. पानं काढायला झाली होती, आणि दोघांनी हात लावल्याशिवाय ती निघणार नव्हती. म्हणून तोही म्हणाला, बघू दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी लेक तयार दोर घेऊन बाजाराला गेला. आबा कंबरभर पाण्यात उभा राहून पानांच्या जुड्या काढत होता. कुजलेल्या घायपाताचा वास वाईट असतो, आणि ते पाणी अंगाला लागलं की खाज सुटते. त्याची मांडी लाल झाली होती. तो जुडी उचलून काठावर टाकायला वळला तेव्हा सून समोर पाण्यात उभी होती. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. हातात बाळ, उघडं. बाळाचे पाय पाण्यात होते आणि ती त्याला हळूहळू खाली सोडत होती. अगदी जपून, जशी आई न्हाऊ घालताना सोडते तशी. बाळ रडत होतं.

आबाने हातातली जुडी सोडून दिली. पळत जावं तर पाण्यात पाय उचलत नव्हते, आणि आरडाओरडा केला तर तिचा हात सुटेल.

"काय करतेस गं?" त्याने कसंबसं विचारलं.

ती त्याच्याकडे बघून शहाण्यासारखं हसली. "भिजत घालते. वरचं सगळं गळून जाईल. आत माझी आहे ना, ती निघेल. पांढरी."

तो एक एक पाऊल टाकत जवळ आला. "असं नाही घालायचं," तो म्हणाला. "पाण्याचं मला कळतं. नेहमी मीच टाकतो ना? दे इकडे."

तिने विचार केला. बाळाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. पटल्यासारखी मान हलवली आणि बाळ त्याच्या ओल्या हातांत दिलं.

तो काठावर आला. बाळाला काठावर काढून ठेवलेल्या कोरड्या धोतरात गुंडाळलं आणि खाली बसला. मागून ती विचारत होती, "कधी टाकणार? आता टाकता ना?" त्याने बाळाला आणखी घट्ट धरलं. बाळ टाकत नाही हे लक्षात आल्यावर तिने किंचाळायला सुरुवात केली.

लेक बाजारातून आला तेव्हा आबा बाळाला घेऊन आतल्या खोलीत कडी लावून बसला होता, आणि ती दारावर डोकं आपटत होती. लेकाने तिला धरलं, तर त्याच्या हाताला चावली. सुटून पुन्हा डबक्याकडे धावली. त्याने पुन्हा धरून आणली. दोघंही चिखलाने माखले. त्याच्या हातातून रक्त येत होतं आणि तो लहान मुलासारखा रडत होता. रडत रडतच म्हणाला, "आबा, दोर आणा."

आबाने दोर आणला. वासराला बांधायचं मऊ दावं होतं, त्याने स्वतः वळलेलं. लेकाने तिला दोन्ही हातांनी धरलेलं, म्हणून गाठही आबानेच मारली. मनगटाखाली फडकं घातलं. जनावराने ओढलं तरी काचू नये म्हणून जी गाठ मारतात, ती मारली. दुसरं टोक ओसरीच्या खांबाला. तो गाठ मारत असताना ती ओरडायची थांबली. त्याच्या बोटांकडे टक लावून बघत राहिली. आत बाळ भुकेने रडत होतं. त्या आवाजासरशी तिच्या छातीतून दूध येत होतं, चोळी भिजून पोटापर्यंत ओघळ आला होता, आणि पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. बाप-लेकांनी माना फिरवल्या. काय करायचं, कुठे न्यायचं, हे दोघं तिच्या डोक्यावरून बोलत राहिले.

दूधवाली आली तेव्हा उन्हं उतरली होती. तिने खांबाकडे पाहिलं. पदराने सुनेची छाती पुसली, बाळाला उचलून आपल्या म्हशीचं दूध पातळ करून चमच्याने पाजलं, बाळ आबाच्या मांडीवर ठेवलं आणि टेंपो घेऊन गेली. परतली ती नर्सबाईला बसवूनच.

नर्सबाई ठेंगणी, चष्मेवाली, चढ चढून आल्यासारखी कायम धापा टाकणारी. तिने आधी विचारलं, झोपून किती दिवस झाले. कुणालाच नक्की सांगता आलं नाही. मग ती म्हणाली, "आधी ते सोडा."

"सोडलं तर पळते ती," लेक म्हणाला.

"दोघांनी दोन बाजूंनी हात धरा. हाताने धरा." मग सुनेच्या समोर बसून तिला म्हणाली, "तू आजारी आहेस बाई. बाळंतपणानंतर हा आजार होतो एखादीला. तुझी काही चूक नाही. आपण दवाखान्यात जातोय, मी बरोबर आहे, बाळही आपल्याबरोबर आहे." सून ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. पण दावं काढलं तेव्हा ती पळाली नाही.

टेंपोत दुधाच्या कॅनमध्ये दाटीवाटीने सगळे बसले. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासरा. आबाने सुनेचा हात त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला. हात तापलेला होता आणि सारखा हलत होता. त्याच्या तळव्यांना इतके घट्टे होते की कुठली गोष्ट मऊ आणि कुठली खरखरीत हे त्याला कळेनासं झालेलं, पण तिची बोटं कापतात हे कळत होतं.

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण वयाने लहान होती. तिने समजेल असं सांगितलं. अंगात काही शिरलेलं नाही, वेड लागलेलं नाही, हा आजार आहे. अचानक येतो, जिवावर बेतू शकतो, म्हणून लगेच आणलंत ते चांगलं केलंत. औषधाने उतरतो. वेळ लागेल. लगेच आणलंत म्हटल्यावर बाप-लेकांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. औषधं कडक होती, अंगावरचं पाजता येणार नव्हतं, आणि त्या वॉर्डात तान्ह्याला ठेवायची सोय नव्हती. लेक तिच्यापाशी राहिला. बाळ आबाबरोबर घरी आलं. मात्र अधूनमधून आणून आईला दाखवायचं, हे डॉक्टरणीने बजावून सांगितलं.

आबाच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण हंगाम तो. बाटली उकळायची, दूध हाताच्या मनगटावर टाकून बघायचं, हे नर्सबाईने शिकवलं. पण त्याच्या मनगटालाही घट्टे, गरम की गार कळेना, म्हणून तो ओठावर टाकून बघायचा. दुपटी धुवायला गावच्या विहिरीवर गेला की बायका तोंडावर पदर धरून हसायच्या. एकजण म्हणाली, दोरवाल्याला दूधही यायला लागलं असेल आता. तो खाली मान घालून दुपटं पिळत राहिला. पिळायचं काम त्याला चांगलं जमत होतं. दुसरं कुणीतरी येऊन सांगून गेलं की असल्या बाईला माहेरी पाठवून मोकळे व्हा, पोरगं तरुण आहे तुमचं. आबाने त्या माणसाला बसा म्हटलं नाही.

डबक्यातली अर्धी पानं कुजून गेली. काढली तर बोटांत लगदा आला. उरलेली त्याने बाळाला झाडाला बांधलेल्या झोळीत टाकून, एका पायाने झोळीची दोरी हलवत, दगडावर धोपटली. वाख निघाला, पण आखूड, बिनताकदीचा. त्याचा विहिरीचा दोर होणार नव्हता. सुतळी होईल फार तर.

असाच तो एकदा धोपटत असताना नर्सबाई एका अनोळखी बाईला घेऊन आली. ही बाई शेजारच्या गावात शाळेच्या पोरांचे कपडे शिवायची. गळ्यात अजून मापाची टेप तशीच. नर्सबाई दुसऱ्या घरी जाऊन येते म्हणून गेली, आणि ही धोपटायच्या दगडाजवळच बसली. झोळीतल्या बाळाकडे बघत म्हणाली, "मला दुसऱ्याच्या वेळी झालं होतं. तुमच्या सुनेला झालंय ना, तेच."

आबाचा हात थांबला. त्याने तिला नीट पाहिलं. साधी बाई. केसात तेल, बोटाला सुईचे टोचे.

"आता?" त्याने विचारलं.

"आता तो शाळेत जातो. त्याचेच गणवेश शिवते, सारखे फाडतो." ती थोडी हसली. मग ती बरंच काही बोलली. बरं वाटायला लागलं की पुढे एक काळ येतो, तेव्हा बाई नुसती बसून राहते, स्वतःची लाज वाटते, बाळाला हात लावायची भीती वाटते. त्याला आळस समजू नका. झोपू द्या. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. बाळाला तिच्यापासून लपवू नका, पण दोघींना एकटंही सोडू नका, ती स्वतः म्हणेपर्यंत. पुढचं बाळंतपण आलं तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि तुमच्या मुलालाही कुणीतरी जेवलास का म्हणून विचारत जा.

आबा ऐकत होता. शेवटी त्याने जे इतके दिवस गिळून ठेवलं होतं ते विचारलं. "तिला आठवेल का? त्या दिवसांतलं?"

"मला सगळं आठवतं," ती म्हणाली. "मला खोलीत कोंडलं होतं. बाहेरून कडी घालायचा आवाज अजून ऐकू येतो. माझ्या सासूने नंतर सगळ्यांना सांगून ठेवलं, हिच्यासमोर विषय काढायचा नाही. त्याचाच जास्त त्रास झाला मला. एवढं मोठं झालं आणि घरात कुणी त्याचं नावही काढत नाही." ती उठली, बाळाच्या पायाला बोट लावलं. "तिने विचारलं तर खरं सांगा."

पुढच्या खेपेला आबा बाळाला घेऊन दवाखान्यात गेला. लेक नळावर बायकोचे कपडे धूत होता. बाकावर बसलेले चार पुरुष त्याच्याकडे बघत होते, आणि तो कुणाकडेच बघत नव्हता. गालाची हाडं वर आली होती. आबाने डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "जेव. मग झोप जरा. मी बसतो तिच्यापाशी." लेकाने बापाकडे पाहिलं. मग डबा तसाच मांडीवर ठेवून तो तोंड झाकून रडला. आबाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि लेक निवेपर्यंत उचलला नाही.

सून गुंगीत होती. बाळाकडे तिने पाहिलं, मग भिंतीकडे. आबा बाजूच्या स्टुलावर बसला. बोलायचं ठरवून आला होता, पण काय बोलायचं हे सुचेना. मग त्याने डबक्याचं सांगायला सुरुवात केली. पाणी किती खाली गेलं, पानं कशी लगदा झाली, दूधवालीची एक म्हैस आटली. बाळाला काल शी घट्ट झाली, आज बरी झाली. खाली मान घालून, स्वतःच्या बोटांकडे बघत, तो जन्मात बोलला नव्हता इतकं बोलला. तिने डोळे मिटून घेतले. पण तो थांबला तेव्हा तिने डोळे उघडून पाहिलं. तो पुन्हा बोलायला लागला.

ती घरी आली तेव्हा अंगाने सुजल्यासारखी झाली होती आणि चाल मंदावली होती. शिवणारी म्हणाली होती तसंच झालं. ओसरीवर बसून राहायची. खांबाजवळ मात्र नाही, दुसऱ्या कडेला. बाळ रडलं की हात पुढे करायची आणि मागे घ्यायची. आबा बाळाला तिच्या मांडीवर ठेवायचा आणि शेजारीच सुतळी वळत बसायचा. शिवणारी मधूनमधून येऊन जायची. दोघी बोलायच्या, कधी नुसत्याच बसायच्या, आणि ती गेल्यावर सून त्या दिवशी दोन घास जास्त खायची. लेक रोज गोळी हातावर ठेवायचा आणि तिने पाणी पिईपर्यंत समोर उभा राहायचा. पहिल्यांदा ती चिडली, "पहारा करू नकोस," म्हणाली. त्या दिवसापासून तो एक तांब्या स्वतःसाठीही आणायला लागला, आणि दोघं बरोबर पाणी प्यायचे.

एका दुपारी लेक शेताकडे गेलेला, बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं. ती आबाच्या बोटांकडे बघत होती. सुतळीचा पीळ बोटांखालून सरकत होता.

"आबा, मला बांधलं तेव्हा गाठ तुम्ही मारली होती ना?"

त्याची बोटं थांबली. "हो. मीच."

"वाटलंच मला. काचली नव्हती." तिने मनगटावरून बोट फिरवलं. "पण कुणी माझ्याशी बोललं नाही. तुम्ही दोघं आपसात बोलत होता. मला वाटलं, मला विकायला काढलंय. गिऱ्हाईक येईल आणि मला घेऊन जाईल."

आबाने सुतळी मांडीवर ठेवली. लेकाकडे बघून सांगावं तर लेक तिथे नव्हता. त्याने तिच्याकडेच पाहिलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुला सांगायला पाहिजे होतं. मी भ्यालो होतो गं."

"मीपण," ती म्हणाली. मग फार हळू आवाजात विचारलं, "मी हिला पाण्यात नेलं होतं?"

शिवणारीचं बोलणं त्याला आठवलं. खोटं बोलणं सोपं होतं. "नेलं होतंस," तो म्हणाला. "पाय भिजले होते तिचे. मी मागितली तेव्हा माझ्या हातात दिलीस. ओढून घ्यावी लागली नाही. तूच दिलीस."

ती रडली. बाळाला हलू न देता, आवाज न करता, बराच वेळ रडली. आबा उठला नाही, गप्प हो म्हणाला नाही. सुतळी मांडीवर तशीच ठेवून बसून राहिला.

त्यानंतर तिचं पाऊल हळूहळू घरात पडायला लागलं. चूल पेटवली. कोंबड्यांना हाक मारली. एकदा बाळाला न्हाऊ घालायला दूधवालीच्या शेजारी बसली, आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन इतकी थरथरली की दूधवालीने तिच्या हाताखाली आपला हात धरला. डबक्यात पुन्हा पाणी साठलं. आबाने नवी पानं कापून आणली, पण काठावर नुसती रचून ठेवली. लेक रोजंदारीवर जायचा, आणि आबाला घर सोडवत नव्हतं. एकदा तो पानं टाकायला निघाला तेव्हा तीच म्हणाली, "आज नका जाऊ आबा. बसा. मला अजून धीर होत नाही." तो बसला.

आणि मग एका सकाळी बाळाला खांद्यावर घेऊन ती दारात आली आणि म्हणाली, "वाळून जातील ती पानं. जा तुम्ही. आम्ही आहोत इथे."

आबा गेला. काठावर उभं राहिलं की घराचं मागचं दार दिसतं. त्याने ठरवून दाराकडे पाठ केली आणि पाण्यात उतरला. जुडी खाली दाबली, वर दगड ठेवला. दुसरी दाबली. पाणी गार होतं. मागे बाळ रडायला लागलं. तो जुडीवर हात ठेवून ऐकत उभा राहिला. रडणं वाढलं, चांगलं टिपेला गेलं, आणि एकदम थांबलं.

मागे वळायला मान आपोआप निघाली. त्याने ती धरून ठेवली. छाती अशी धडधडत होती की भोवतालचं पाणी हलतंय असं त्याला वाटलं. दुसरा कुठलाच आवाज येत नव्हता.

"आबा," दारातून सुनेची हाक आली, स्पष्ट, मुद्दाम मोठ्याने. "बाटली पितेय ती. म्हणून गप्प झाली."

हात पाण्याखाली दगडावरच होते.

"बरं," तो म्हणाला. मग तिला ऐकू गेलं नसेल म्हणून वळला आणि मोठ्याने पुन्हा म्हणाला, "बरं पोरी."